वाचकांचे प्रश्न : चीनमधली शुयुआन आणि कन्फ्यूशियसची मंदिरे

चीनमधील जुनी विद्यालये, म्हणजे शुयुआन, आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली कन्फ्यूशियसची मंदिरे, म्हणजे वेनमिआओ, या विषयावरच्या लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : शुयुआन, वेनमिआओ आणि बीजिंगचे गुओझिजिआन ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत का?

नाहीत. गुओझिजिआन ही राजधानीतली बादशाही शिक्षणसंस्था. बीजिंगची आजची जागा १३०६ सालची आहे आणि तिच्या पूर्वेला लागून १३०२ साली सुरू झालेले कन्फ्यूशियसचे मंदिर आहे. वेनमिआओ हे शासनमान्य मंदिर. ते प्रांताच्या, जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी असायचे आणि त्याला जोडून सरकारी शाळा असायची. शुयुआनचा जन्म मात्र बहुतेकदा एखाद्या विद्वानाच्या किंवा विद्याप्रेमी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने झाला, तोही बऱ्याचदा गावाबाहेर, डोंगराच्या कुशीत. हुनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळचे युएलू शुयुआन ९७६ साली तिथल्या झू दोंग या अधिकाऱ्याने उभारले. सुरुवातीला व्याख्यानाचे पाच खण आणि विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या ५२ खोल्या होत्या. जियांगशी प्रांतात लूशान डोंगराच्या पायथ्याचे बायलुदोंग शुयुआन मोडकळीला आले होते. झू शी हा तत्त्वज्ञ त्या भागाचा अधिकारी म्हणून ११७९ साली आला आणि त्याने ते पुन्हा उभे केले.

शुयुआनमध्ये तीन कामे चालत : अध्यापन, ग्रंथसंग्रह आणि पूर्वाचार्यांची पूजा. या तिन्हींना पोसणारे चौथे अंग म्हणजे जमीन, आणि ते पाहुण्यांच्या नजरेतून हमखास सुटते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

प्रश्न : वेनमिआओत शिरल्यावर कोणत्या क्रमाने काय पाहावे? मार्गदर्शक भराभर पुढे नेतात आणि काहीच लक्षात राहत नाही.

दक्षिणेकडून सुरुवात करा, कारण सारी रचना त्याच क्रमाने उलगडते. प्रथम लागते ती एक आडवी, उंच, कोरी भिंत. ती ओलांडून सरळ आत जाता येत नाही, बाजूने वळसा घ्यावा लागतो. त्यानंतर लिंगशिंग दरवाजा. हा दरवाजा म्हणजे बंदिस्त इमारत नसून दगडी किंवा लाकडी उंच खांबांची कमान असते. पुढे अर्धवर्तुळाकार तळे आणि त्यावर पूल. पूर्ण वर्तुळाचे पाणी हा बादशहाच्या विद्यागृहाचा मान होता. बीजिंगच्या गुओझिजिआनमध्ये १७८४ साली बांधलेला बियोंग हा चौरस दिवाणखाना गोल तळ्याच्या मध्यभागी आहे आणि चारी बाजूंनी त्यावर पूल येतात. स्थानिक मंदिराला अर्धेच वर्तुळ मिळे. तळे पाहिले की जागेचा दर्जा कळतो, तो असा.

तळ्यानंतर दाचेंग दरवाजा, मग मोठे अंगण. अंगणाच्या पूर्व-पश्चिमेला लांबट पडव्या दिसतील. त्यांत कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पुढच्या पिढ्यांतील विद्वानांचे नामफलक असतात. घाईत वगळल्या जाणाऱ्या या पडव्या नीट पाहाव्यात. कोणत्या काळाने कोणाला मान दिला आणि कोणाचा काढून घेतला, याचा हिशेब तिथेच आहे. समोर दाचेंग दिवाणखाना आणि त्याच्या पुढ्यात उंच मोकळा चौथरा. नृत्य-वादन या चौथऱ्यावर होते, त्यामुळे त्याची लांबी-रुंदी नर्तकांच्या रांगांशी जुळवलेली असते. पायऱ्यांच्या मधोमध कोरीव तिरपी शिळा असेल तर तिच्यावरून चालायचे नसते. अगदी मागे चोंगशेंग देवघर. तिथे कन्फ्यूशियसच्या पाच पिढ्यांच्या पूर्वजांची पूजा होते. पाचही पिढ्यांना हा मान १७२३ साली योंगझेंग बादशहाने दिला.

एक ठिकाण मात्र हमखास चुकते. ‘डावीकडे मंदिर, उजवीकडे शाळा’ असे पुस्तकांत वाचून लोक डाव्या हाताला मंदिर शोधतात. ही डावी-उजवी बाजू इमारतीची असते, पाहणाऱ्याची नव्हे. दक्षिणाभिमुख इमारतीची डावी बाजू पूर्वेला येते. दाराकडे तोंड करून उभे राहिलात की मंदिर तुमच्या उजव्या हाताला. युएलूत तसेच आहे. तैवानमधल्या ताइनान शहरातले १६६५ सालचे मंदिर याला अपवाद : तिथे शाळा डावीकडे, म्हणजे पूर्वेला आहे.

प्रश्न : बहुतेक मंदिरांत मूर्ती का नाहीत? आणि फलकांचा क्रम कसा वाचायचा?

१५३० साली मिंग घराण्याच्या जियाजिंग बादशहाने पूजाविधीत मोठे बदल केले. कन्फ्यूशियसची ‘राजा’ ही पदवी काढून त्याला ‘परमपवित्र आद्य गुरू’ म्हटले गेले आणि मूर्तींच्या जागी लाकडी नामफलक आले. मूर्तिकार बदलला की चेहरा बदलतो, मग पूजा नेमकी कोणाची, असा आक्षेप त्यामागे होता. बुद्धमंदिरांपासून वेगळेपण राखण्याचा आग्रहही होता. कन्फ्यूशियसच्या जन्मगावी, चूफूला, मूर्ती राहिल्या. त्या १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीत फोडल्या गेल्या. आज दिसतात त्या नंतर घडवलेल्या आहेत.

क्रम सोपा आहे. मधोमध, दक्षिणेकडे तोंड करून कन्फ्यूशियस. त्याच्या पूर्वेला यान हुई हा शिष्य आणि झिसी हा नातू, पश्चिमेला झेंगझी हा शिष्य आणि मेन्शियस हा नंतरचा तत्त्वज्ञ. हे चार सहपूजित. त्यांच्यानंतर दोन्ही बाजूंना सहा-सहा असे बारा तत्त्वज्ञ. या बारांत झू शी हा एकटाच कन्फ्यूशियसचा थेट शिष्य नाही. दोघांमध्ये सोळाशे वर्षांहून अधिक अंतर आहे. १७१२ साली कांगशी बादशहाने त्याला पडवीतून उचलून मुख्य दिवाणखान्यात आणले.

प्रश्न : शुयुआनमध्ये विद्यार्थी दिवसभर करत काय? आणि त्यांचा खर्च कोण उचलत असे?

युएलूमध्ये १७४८ साली प्रमुख आचार्य वांग वेनचिंग यांनी घालून दिलेले १८ नियम आजही वाचायला मिळतात. ते हवेतले उपदेश नाहीत. आईवडिलांची वरचेवर विचारपूस करा. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला पूर्वाचार्यांना वंदन करा. बसताना वयाचा मान राखा. अन्नवस्त्र साधे ठेवा. रिकाम्या गप्पांत वेळ घालवू नका. अभ्यासाचे नियम तर अगदी नेमके : रोज अभिजात ग्रंथांची तीन सत्रे, इतिहासाची काही पाने, वाचताना हातात लेखणी हवीच, लेखी चाचणी वेळेत संपवायची. रात्री जागून वाचले तरी सकाळी उशिरा उठायची सवलत नाही. आणि शेवटचा नियम असा की शंका किंवा चूक दिसली तर जोर लावून वाद घालायचाच. आज्ञाधारक पाठांतराची शाळा, अशी जी समजूत पसरली आहे, ती या एका नियमाशी ताडून पाहावी.

पाठांतर होतेच, आणि कडक होते. युआन या मंगोल घराण्याच्या काळात चेंग दुआनली यांनी आखलेले वाचनाचे वेळापत्रक पुढे शुयुआनमध्ये फार चालले. त्याची पद्धत अशी : मोठा मजकूर लहान तुकड्यांत तोडायचा, एक तुकडा पाहून शंभर वेळा वाचायचा, मग न पाहता शंभर वेळा म्हणायचा, आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. समजून घेणे आणि चर्चा यांची पाळी त्यानंतर.

खर्चाचे म्हणाल तर शुयुआनला दान मिळालेली किंवा विकत घेतलेली शेती असे. ती कुळांना खंडाने दिली जाई. येणाऱ्या धान्यातून आचार्यांचे वेतन, पूजेचा खर्च, इमारतीची डागडुजी आणि विद्यार्थ्यांचा दिवाबत्ती-सरपणासाठीचा भत्ता निघे. छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळात हा भत्ता दरमहाच्या चाचण्यांशी बांधलेला होता. एक चाचणी सरकारी अधिकारी घेत, दुसरी आचार्य. क्रमांक वर गेला की भत्ता वाढे, घसरला की कमी होई. म्हणूनच जुन्या शुयुआनच्या आवारात कवितांच्या शिळांशेजारी शेतांच्या चतुःसीमा आणि खंडाचे आकडे कोरलेल्या शिळा सापडतात. कागद हरवतो, कूळ बदलते, शेजारी बांध कोरतो. दगडावर लिहिले की दावा टिकतो. शुयुआन बंद पडण्याची कारणे शोधू गेले तर आग आणि लढाई यांच्या जोडीला हातची गेलेली जमीन वारंवार भेटते. अशी शिळा दिसली तर ती रूक्ष म्हणून सोडू नका. संस्थेचा प्राण तिच्यात होता.

प्रश्न : इतक्या दमट हवेत पुस्तके कशी टिकवली? आमच्याकडे काही जुनी दोऱ्याने शिवलेली चिनी पुस्तके आहेत. त्यांना कसर लागली आहे.

जुने उपाय अनेक होते. कापराच्या लाकडाच्या पेट्या, पानांत ठेवलेली सताप वर्गातली वासाची वनस्पती, हुआंगबो झाडाच्या कडू सालीच्या रसात रंगवलेला पिवळा कागद. ग्वांगदोंग प्रांतात मिंग-छिंग काळात पुस्तकाच्या आत पहिले आणि शेवटचे पान म्हणून शेंदूर लावलेला नारिंगी कागद घालत. शेंदूर शिशाचा असल्याने किडा आत शिरत नाही. तुमच्या पुस्तकात असे नारिंगी पान असेल तर ते काढू नका, पण हाताळल्यावर हात धुवा आणि पान उलटताना बोट जिभेला लावू नका.

उन्हाळ्यात पुस्तके वाळवण्याचा रिवाज होता. ती कडक उन्हात सपाट पसरून ठेवू नयेत, कागद ठिसूळ होतो. हवेशीर सावलीत उभी उघडून ठेवावीत आणि पूर्ण थंड झाल्यावरच पेटीत घालावीत. गरम असतानाच बंद केली तर ओल आत धरते आणि बुरशी येते.

आज कसर मारण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे गोठवणे. पुस्तक पॉलिथीनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा, उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर निदान २४ तास पिशवी उघडू नका. लवकर उघडली तर गार कागदावर दव धरते आणि शाई फुटते. पुढे खोलीतली आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास राखली नाही तर हे सगळे पुन्हा करावे लागेल. डांबरगोळ्या टाळा. किडीवर त्यांचा भरवसा नाही आणि बंद खोलीत त्यांची वाफ माणसाला बाधते.

प्रश्न : शिळेवरून कागदावर ठसा घेण्याची चिनी पद्धत सविस्तर सांगाल का? शाई दगडाला लागत कशी नाही?

आधी एक गोष्ट : जुन्या शिळेवर परवानगीशिवाय हे कधीच करू नये. चीनमध्ये संरक्षित शिळांना त्यासाठी मंजुरी लागते आणि पुष्कळ ठिकाणी मूळ शिळेऐवजी नव्याने कोरलेल्या प्रतीवरूनच ठसे घेतात. शिकताना कोरलेली साधी फरशी घ्यावी.

दगड कोरड्या मऊ ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. अक्षरांच्या खाचेतला मळ टोकदार वस्तूने खरवडू नका. कागद शुआन, पातळ आणि कांजी न दिलेला. चिकटवण्यासाठी बायजी नावाच्या ऑर्किडच्या कंदाच्या चकत्या पाण्यात भिजवून काढलेले पातळ, किंचित बुळबुळीत पाणी वापरतात. ते दाट झाले तर कागद सुटताना फाटतो, फार पातळ झाले तर काम अर्ध्यावर असतानाच कागद गळून पडतो. कागद ओलसर करून शिळेच्या वरच्या कडेपासून खाली लावत जा आणि रुंद ब्रशने मधून बाहेर हवा काढा. त्यावर कोरडा कागद ठेवून जादा पाणी टिपून घ्या.

आता माडाच्या काथ्यासारख्या धाग्यांच्या कडक ब्रशने, किंवा वर नमदा धरून लाकडी हातोडीने, ठोकायला लागा. कागद प्रत्येक अक्षराच्या खाचेत पूर्ण बसला पाहिजे. सगळा ठसा यावर उभा आहे. खाचेत न बसलेल्या कागदावर शाई लागते आणि रेघ पुसट होते, ती नंतर सुधारता येत नाही.

मग थांबायचे. ओला कागद करडा दिसतो, वाळत आला की पांढरा होतो. बहुतेक भाग पांढरा झाला पण हाताला अजून गारवा लागतो, ती वेळ शाईची. ठोकणी दोन लागतात. आत कापूस, मध्ये पाणी न शोषणारा थर, बाहेर घट्ट विणीचे रेशीम. एकीवर शाई घ्यायची, ती दुसरीवर दाबून सारखी करायची, मग कागदावर सरळ वरून खाली टिपायची. घासायची नाही. पहिला हात इतका फिकट हवा की शाई लागली की नाही असे वाटावे. तीन-चार हातांत काळा रंग चढवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे : अर्धवट सुकलेला कागद आणि जवळजवळ कोरडी ठोकणी, या दोन्ही अटी पाळल्या तर शाई कागदाच्या वरच्या अंगालाच राहते. घाई करून ओल्या कागदावर भरपूर शाई दिली तर ती आरपार जाऊन दगडात मुरते. शेकडो शिळा अशाच काळ्या झाल्या आहेत.

कागद किंचित दमट असतानाच वरच्या कोपऱ्यातून सोडवा. एखादा भाग अडला तर ओढू नका, तोंडाने गरम वाफ सोडा, सुटतो. दाबाखाली सपाट वाळवा.

प्रश्न : सप्टेंबरमधल्या पूजेला जायचे आहे. काय पाहावे, काय ऐकावे?

जुन्या रीतीने ही पूजा चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या आणि आठव्या महिन्यातल्या पहिल्या ‘दिंग’ दिवशी होई. दिवसांचे दहाचे चक्र असल्याने असा दिवस दर महिन्याच्या पहिल्या दहांत येतोच. आता चूफू आणि तैवान येथे मोठा सोहळा २८ सप्टेंबरला होतो. तैपेईत तो पहाटे ६ वाजता सुरू होतो, त्यामुळे ९ वाजता पोचणाऱ्यांना रिकामा चौथरा दिसतो.

कान उघडे ठेवा. संगीत सुरू होते ते झू या वाद्याने : वर रुंद, खाली निमुळती लाकडी पेटी, तिच्या आत हातोडीने ठोकतात. संपते ते यू या वाद्याने : बसलेला लाकडी वाघ, त्याच्या पाठीवर करवतीसारखे दाते, त्यांवरून बांबूची फोडलेली काठी खरखरत ओढतात. मधे १६ घंटांचा आणि १६ दगडी पट्ट्यांचा संच. गती अतिशय संथ असते आणि ती तशीच हवी. प्रत्येक स्वराला नर्तकांची एक मुद्रा ठरलेली आहे. नर्तकांच्या डाव्या हातात बासरी, उजव्या हातात तितराच्या जातीच्या पक्ष्याचे लांब पीस. रांगा मोजा : सहा असतील तर ३६ नर्तक, आठ असतील तर ६४. आठ रांगा हा बादशाही मान. १९०६ साली छिंग दरबाराने कन्फ्यूशियसची पूजा सर्वोच्च श्रेणीत नेली. सहा रांगा ठेवणारी मंदिरे त्याआधीची स्थानिक रीत सांभाळतात. अर्पण तीनदा होते, आणि शेवटी प्रार्थनेचा कागद जाळतात. तोपर्यंत जागा सोडू नका.

प्रश्न : जुन्या दिवाणखान्यांचे खांब वरून धडधाकट दिसतात आणि अचानक बदलावे लागतात. असे का?

खांब कुजतो तो पायथ्याशी, आणि बहुधा भिंतीत गाडलेला. मोकळा खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, त्याला वारा लागतो. भिंतीतल्या खांबासाठी जुने गवंडी वर-खाली एकेक कोरीव जाळीची वीट बसवत, म्हणजे आत हवा खेळे. नंतरच्या दुरुस्तीत ही जाळी शोभेची समजून सिमेंटने बुजवली की ओल आतच कोंडते. अंगणात नवी फरसबंदी घालून पातळी वर आणली तरी तेच. उत्तरेत लाकडावर विटांची पूड, डुकराचे रक्त, तुंगाचे तेल, चुना, पीठ यांच्या लगद्याचे पाच थर आणि मध्ये तागासारख्या धाग्यांचा एक थर देऊन मग रंग चढवतात. हे आवरण उत्तम आहे, पण ओल्या लाकडावर दिले तर खांब त्याच्या आड गुपचूप सडतो. टकटक करून पाहिल्यास पोकळ आवाज येतो.

कुज पायथ्यापासून साधारण पाव उंचीच्या आत असेल तर अख्खा खांब बदलत नाहीत. वरचा भार टेकूंवर घेऊन कुजका भाग कापतात, त्याच जातीच्या सुकलेल्या लाकडाचा तुकडा अर्ध्या-अर्ध्या खापेने जोडतात आणि वर-खाली लोखंडी पट्टे आवळतात. जुने लाकूड जितके राखता येईल तितके राखणे, हाच यातला योग्य मार्ग.

प्रश्न : युएलू शुयुआन ‘हजार वर्षे अखंड’ चालू आहे, हे खरे का?

परंपरा म्हणून खरे, इमारत म्हणून नाही. युद्धांत ते अनेकदा पडले. ग्रंथालय १९३८ साली जपानी बॉम्बहल्ल्यात गेले, आजचे १९८०च्या दशकातले आहे. १९०१ साली दरबाराने शुयुआनची आधुनिक विद्यालये करण्याचा हुकूम काढला, त्यानुसार युएलूचे १९०३ साली उच्च विद्यालय झाले, १९०५ साली सरकारी नोकरीसाठीच्या परीक्षाच रद्द झाल्या, आणि १९२६ साली त्यातून हुनान विद्यापीठ आले. आज ते त्याच विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथे पदव्युत्तर शिक्षण चालते. व्याख्यानगृहातल्या चौथऱ्यावर दोन खुर्च्या शेजारी-शेजारी दिसतात, त्या ११६७ साली झू शी आणि युएलूचा आचार्य झांग शी यांनी तिथे घडवलेल्या जाहीर चर्चेच्या. मतभेद असलेल्या दोन आचार्यांना एकाच व्यासपीठावर बसवणे ही शुयुआनची सर्वांत मोलाची देणगी आहे, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : ग्वांगझोऊचे चेन घराण्याचे शुयुआन पाहिले. तिथे वर्गखोल्या कुठे होत्या?

शोधूनही सापडणार नाहीत. १८९४ साली पुरे झालेली ती वास्तू ग्वांगदोंगमधल्या ७२ जिल्ह्यांतल्या चेन मंडळींनी मिळून बांधलेले कुलगृह आहे. परीक्षेला शहरात येणारी कुळातली मुले तिथे उतरत. अनेक जिल्ह्यांच्या एकत्रित कुलमंदिरांकडे दरबार संशयाने पाहत असे, म्हणून शुयुआन हे नाव सोयीचे होते. पुढच्या खेपेला छपराकडे बघा. आढ्यावरची चकचकीत माणसे शिवान गावच्या भट्टीतली आहेत. त्यांच्या खालची रंगीत चित्रे मात्र भाजलेली नाहीत. ती जागेवरच चुन्यात घडवली आहेत : तारेच्या सांगाड्यावर कुजवलेला पेंढा घातलेला चुना पातळ थरांनी, वरून कागदाच्या लगद्याचा मऊ चुना, आणि तो ओला असतानाच रंग. थर जाड दिला की तडकतो, चुना सुकल्यावर रंग दिला की पोपडे येतात.